दोन दिवसांत किती गड होतील, हे गाडी चालवणाऱ्याने ठरवावे

आपण विचारले आहे की, ऑक्टोबरच्या अखेरीस चार मित्रांना घेऊन पुण्याहून गाडीने बेळगावकडे यायचे आहे, शनिवार आणि रविवार एवढेच दोन दिवस हाताशी आहेत, तर या भागातले किती गड आणि डोंगर पाहून होतील. आणि प्रश्नाच्या अगदी शेवटी, सांगितले नसते तरी चालले असते अशा थाटात, ‘गाडी मी एकटाच चालवतो’ अशी ओळ जोडली आहे. ती ओळ वाचली म्हणूनच मी हे उत्तर लिहायला बसलो. संख्याच हवी असेल तर दोन. शुक्रवारी रात्रभर गाडी चालवून पहाटे थेट चढाईला लागणार असाल तर एक, आणि तोही मित्रांनीच चढावा. आपण पायथ्याशी झाडाखाली झोपावे.

आमच्या मित्रमंडळींत गाडी चालवण्याचे काम माझ्याकडे असते. कॉलेजात असल्यापासून घरची बोलेरो माझ्या हाती होती, त्यामुळे हे पद मला कोणी दिले नाही आणि कोणी काढूनही घेतले नाही. काही वर्षांपूर्वी कोजागरीला लागून शनिवार-रविवार आला, तेव्हा बेळगावातल्या शहापूरच्या मित्राने एक कार्यक्रम कागदावर लिहून आणला: सकाळी महिपालगड, दुपारी कलानंदीगड, चांदण्यात पारगड, रविवारी तिलारी घाट उतरून दोडामार्ग, तिथून गोव्याच्या हद्दीत साखळी आणि चोर्ला घाटाने कणकुंबी, जांबोटीवरून रात्री घरी. नकाशावर हे सगळे वीतभर अंतरात बसते. कागदावर प्रत्येक ठिकाणी जेवणाची वेळ होती, छायाचित्रांची वेळ होती, चालकाच्या विश्रांतीची मात्र कुठेच नव्हती.

हे तिन्ही गड चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येतात. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होता. त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. आमच्या दृष्टीने मात्र ते अजूनही घरामागचे डोंगर आहेत, आणि घरामागे जाताना कोणी फारसा विचार करत नाही, हाच घोळ आहे.

महिपालगडाचे काही विशेष नाही, कारण गडावर वस्ती आहे आणि गाडी वरपर्यंत जाते. देवरवाडीचे वैजनाथ मंदिर पाहून आणि गडावरच्या कातळात खोदलेल्या प्रचंड विहिरीत डोकावून आम्ही वेळेत निघालो. कलानंदीगडाने मात्र घाम काढला. पावसाळा संपता संपता त्या झाडीच्या वाटेवर कमरेएवढे गवत असते, पायाखालचा दगड दिसत नाही, आणि ऑक्टोबरचे ऊन सह्याद्रीत उन्हाळ्यापेक्षाही जास्त चावते. खाली उतरून मी गाडीच्या पायरीवर बसून मोज्यांत शिरलेली कुसळे एकेक करून उपटत होतो, तेव्हा उजवी मांडी आपोआप थडथडत होती. हात ठेवून दाबून धरली तरी थांबेना. पश्चिमेकडे ढग जमले होते. काळिवड्याच्या बाजूला एका शेतकऱ्याचे हळवे, म्हणजे लवकर पिकणारे, भात कापून शेतात पडलेले होते, आणि तो एकटाच पेंढ्या गोळा करून त्यावर ताडपत्री ओढण्याच्या धडपडीत होता.

मी सांगितले की, अंधार पडल्यावर मी पारगडचा रस्ता चालवणार नाही. मुक्काम इथेच करू. त्यावर शहापूरचा मित्र जे बोलला, ते मी आजवर विसरलेलो नाही. “गाडी चालवायला काय लागतंय? बसूनच तर असतोस की!”

एवढे होऊनही, त्या शेतकऱ्याच्या पेंढ्या उचलायला सर्वांत आधी धावला तोही हाच. विजा कडाडू लागल्या तेव्हा आम्ही सगळे वळी झाकत होतो, आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता तो माझ्या दुप्पट भारे वाहत होता. रात्री त्या शेतकऱ्याच्याच पडवीत झोपलो. कोजागरीसाठी आणलेले दूध त्याच्या चुलीवर आटवले. चंद्र काही दिसला नाही, कारण पाऊस मध्यरात्रीनंतरही ठिबकत होता. सकाळी चंदगडकडून दुधाची गाडी आली, तेव्हा मित्राने लगेच तिच्याकडे बोट दाखवले: रस्ता मोकळाच होता, हा माणूस रात्रीच्या अंधारात निघून आलाच ना! लग्नात, बारशात, कुठेही भेटलो की आजही तो ही दुधाची गाडी पुढे करतो. माझे उत्तर तेव्हा होते तेच आज आहे. तो दूधवाला रात्री झोपून उठून आला होता, त्याने आदल्या दिवशी दोन गड केले नव्हते, आणि त्याच्या मागे चार जण घोरत नव्हते.

‘बसूनच असतोस’ म्हणणाऱ्यांसाठी थोडे शरीरशास्त्र सांगणे भाग आहे. चढताना दम लागतो, पण मांडीची खरी झीज उतरताना होते, कारण प्रत्येक पावलाला शरीराचा भार अडवताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो. हे दुखणे त्याच दिवशी पुरते कळत नाही. ते दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी कळस गाठते. म्हणजे शनिवारी गड उतरलेल्या माणसाचे पाय रविवारी, नेमके परतीच्या प्रवासात, सर्वांत जास्त आखडलेले असतात, आणि त्याच पायांनी त्याला घाटात दर वळणाला क्लच दाबायचा असतो. मागच्या बाकावरच्या माणसाला पाय दुखले तर तो कण्हतो. चालकाचा पाय अर्धा सेकंद उशिरा उचलला गेला तर सगळेच कण्हतात. तिलारी घाटाचा उतार तीव्र आहे आणि वळणे आखूड आहेत. तिथे खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर गाडी रोखत उतरावे लागते, नाहीतर ब्रेक तापून निकामी होण्याची भीती असते. शिवाय या पट्ट्यात संध्याकाळनंतर गवे रस्त्यावर येतात. गवा दिव्यांना घाबरून बाजूला होईल, अशी समजूत असेल तर ती घरीच ठेवून यावी.

म्हणून माझे म्हणणे असे की, किती चढायचे, कुठे थांबायचे आणि किती वाजता गाडी बंद करायची, हे तिन्ही निर्णय चालकाचे असावेत आणि त्यावर मतदान घेऊ नये. मित्रांना हे निघण्यापूर्वी सांगावे. पायथ्याशी सांगितले की भांडण होते.

आता आपल्या कार्यक्रमाविषयी. पुण्याहून बेळगाव महामार्गाने सुमारे 340 किलोमीटर आहे. शुक्रवारी दुपारी निघता आले तर निघावे आणि रात्री बेळगावात झोपावे. शनिवारी उजाडताच कलानंदीगड करून दुपारी दोनच्या आत खाली यावे. परतीचा पाऊस गेलेला असला तरी ऑक्टोबरात दुपारनंतर तापलेल्या जमिनीवरून ढग चढतात आणि उघड्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, वीज पडायला आपल्यासारखा उंच दुसरा कोणी नसतो. त्यानंतर सावकाश पारगड गाठावा. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्याआधी तिथे पोहोचलेले असावे. तानाजी मालुसरे यांचे पुत्र रायबा यांच्याकडे या गडाची किल्लेदारी होती, अशी परंपरा आहे, आणि मालुसऱ्यांचे वंशज आजही गडावर राहतात. तिथे मुक्कामाची सोय आधी विचारून ठेवावी आणि सुगीचे दिवस असल्याने घरातली माणसे शेतात असतील, हे लक्षात घ्यावे. दारू नेऊ नये; लोक तिथे राहतात, ते आपले फार्महाऊस नव्हे. खाण्यासाठी गोकाकचा करदंट बरोबर ठेवावा. डिंक, सुका मेवा आणि गूळ यांचा तो एक तुकडा दोन बिस्किटपुड्यांचे काम करतो. कुंदा, ही बेळगावची दुधाची मिठाई, मात्र घरी नेण्यासाठी घ्यावा, चढताना खाल्ला तर त्याने तहान लागते.

भीमगडाचे नाव आपण प्रश्नात घेतले आहे. तो खानापूर तालुक्यात, 2011 मध्ये घोषित झालेल्या अभयारण्याच्या आत आहे, त्यामुळे वनखात्याच्या परवानगीशिवाय तिकडे वळू नये. त्या जंगलात अस्वले आहेत आणि गावकऱ्यांवर त्यांचे हल्ले झालेले आहेत. दोन दिवसांत ते बसवण्याचा हट्ट धरू नये. तारीख ठरवताना 1 नोव्हेंबर टाळलात तर बरे, कारण त्या दिवशी बेळगावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे मराठी माणसांची काळ्या दिनाची फेरी असते. परक्या पासिंगची गाडी घेऊन शहरातून वाट काढणे त्या दिवशी सोपे नसते.

हे सर्व एकट्या चालकाला धरून लिहिले आहे, हेही सांगायला हवे. चौघांपैकी एकाला घाटात गाडी चालवण्याचा खरा सराव असेल, नुसता परवाना नव्हे, तर तिसरे ठिकाण म्हणून महिपालगड जोडायला माझी हरकत नाही. मधुमेह किंवा गुडघ्याचे दुखणे असणाऱ्यांनी माझ्या वेळापत्रकावर विसंबू नये.

रविवारी बेळगावला परत येण्याचे कारण नाही. पारगडावरून सकाळी दहाच्या आत निघून चंदगड, नेसरी, गडहिंग्लजमार्गे संकेश्वरला महामार्ग पकडावा, म्हणजे अंधार पडला तरी तोपर्यंत चौपदरी रस्ता लागलेला असेल. शेजारच्या आसनावर जागा राहणाऱ्यालाच बसवावे. ज्याला गाडी सुरू होताच डुलकी लागते आणि उठल्यावर ‘अजून इथंच?’ असे विचारण्याची सवय आहे, त्याची जागा मागे, सामानाजवळ.