कर्णिका की अलिंद? गायीच्या हृदयापाशी अडलेला शब्द

प्रश्न असा आला आहे: पशुवैद्यकावरच्या एका टिपणाचं मराठी करताना गायीच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना ‘कर्णिका’ म्हणावं की ‘अलिंद’? शाळेत वरच्या कप्प्यांना कर्णिका आणि खालच्यांना जवनिका शिकलो, आताच्या पुस्तकांत त्यांच्या जागी अलिंद आणि निलय दिसतात. मग कुठलाही घेतला तर चालेल ना?

माणसाच्या हृदयाबद्दल लिहीत असाल तर एक वेळ चालून जाईल. गाय, घोडा, कुत्रा यांच्याबद्दल लिहिताना मात्र नाही. कप्प्याला अलिंद म्हणावं आणि त्या कप्प्याला बाहेरून चिकटलेल्या कानासारख्या पाळीला कर्णिका, असं माझं मत.

बैलाचं हृदय ट्रेमध्ये डावी बाजू वर करून ठेवलं की फरक डोळ्यांनीच दिसतो. वरच्या अंगाला चरबीचा पिवळसर पट्टा, त्याच्यावर मधोमध फुप्फुस धमनीचं जाड खोड, आणि त्या खोडाला दोन्हीकडून बिलगलेल्या दोन चपट्या, कातरलेल्या काठाच्या पाळ्या. या कर्णिका. एक कापून उलटी केली की आत कंगव्याच्या दातांसारख्या स्नायूंच्या ओळी लागतात. हृदय पालथं करून उजवी बाजू वर आणली की पाळ्या जवळजवळ नाहीशा होतात. तिथे दिसतो खुद्द कप्पा आणि त्यात येऊन मिळणाऱ्या मोठ्या शिरा. त्या कप्प्याची आतली भिंत बहुतांशी गुळगुळीत असते.

पशुशरीरशास्त्राने हृदयाच्या दोन बाजूंची नावंच यावरून ठेवली आहेत. लॅटिनमध्ये डावी बाजू ‘फासिएस ऑरिक्युलारिस’ आणि उजवी ‘फासिएस आट्रिआलिस’. म्हणजे कर्णिकापृष्ठ आणि अलिंदपृष्ठ. दोन्ही शब्दांना ‘कर्णिका’ हा एकच प्रतिशब्द वापरलात की डाव्या आणि उजव्या बाजूचं नाव एकच झालं! माणसाच्या हृदयाच्या पृष्ठांना छातीचं हाड आणि श्वासपटल यांवरून नावं आहेत, म्हणून तिथे हा पेच पडत नाही.

सरमिसळ झाली कशी? ‘ऑरिक्युला’ म्हणजे छोटा कान. जुन्या इंग्रजी ग्रंथांत पाळीचं हे नाव सबंध कप्प्यालाच दिलेलं असे, आणि आपली कर्णिका तिथूनच आली. पुढे इंग्रजीने कप्प्यासाठी ‘एट्रियम’ स्थिर केलं आणि ऑरिकल पाळीपुरतं ठेवलं. आपल्याकडे अलिंद आला, पण कर्णिकेला तिच्या जागी परत पाठवायचं राहून गेलं. तसा अलिंद हा शब्द फार नेमका आहे. संस्कृतात अलिंद म्हणजे दारापुढची ओसरी, आणि रोमन घरातलं आट्रिअम म्हणजे आत शिरल्यावर लागणारा चौक. रक्त आधी ओसरीवर येतं, मग आत जातं. निलय म्हणजे राहण्याचं ठिकाण, जिथे रक्त क्षणभरही राहत नाही, पण तो शब्द आता रुळला आहे. जवनिकेचा संस्कृत अर्थ तर पडदा. पडदे असलेच तर दोन कप्प्यांमधल्या दारात, म्हणजे झडपांत आहेत. तो शब्द सुटला याचं मला वाईट वाटत नाही.

टिपणात अजून दोन ठिकाणी ठेच लागेल. एक, ‘ऊर्ध्व महाशीर’ आणि ‘अधो महाशीर’. माणूस उभा असतो म्हणून डोकं वर. चार पायांवरच्या गायीत वर म्हणजे पाठीकडे. डोक्याकडचं रक्त आणणारी शीर तिथे पुढून येते, म्हणून अग्र महाशीर, आणि दुसरी पश्च महाशीर. १९६८ साली निघालेल्या पशुशरीरशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नामावलीतही दिशा अशाच, डोक्याकडची आणि शेपटीकडची, आहेत. दोन, ‘त्रिदल झडप’. कुत्र्यात उजव्या झडपेची मोठी दलं मुळात दोनच असतात, बाकीची किरकोळ. तिथे ‘उजवी अलिंद-निलय झडप’ लिहिलं की दलं मोजायची वेळ येत नाही. शब्द लांब आहे खरा, पण खोटा नाही.

आणि मूळ मजकूर जुना असेल तर उलटीही काळजी घ्या. घोड्यांत हृदयाची लय बिघडण्याचा एक नेहमीचा प्रकार आहे, त्याला जुने लेखक ‘ऑरिक्युलर फिब्रिलेशन’ म्हणत. तिथे शब्द ऑरिकलचा असला तरी थरथरतो तो सबंध कप्पा. मराठीत लिहायचं अलिंद.