बदलीच्या गावी मुलं आजारी पडतात तेव्हा

तुझा प्रश्न वाचला. तुझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी आहे, म्हणून सरळ 'तू' म्हणते. तू लिहिलंस ते असं: नवरा बँकेत, रत्नागिरीहून नागपूर झालं आणि आता गोरखपूरची ऑर्डर आली. नागपूरला आलात तेव्हा थोरली दीड वर्षाची होती, पहिल्याच आठवड्यात जुलाब, मग पाळणाघरात घातल्यापासून कित्येक महिने नाक वाहतंय, तीन डॉक्टर झाले आणि तिघांनी तीन वेगळी अँटिबायोटिक्स दिली. आता ती साडेतीन वर्षांची आणि धाकटा दहा महिन्यांचा. सासूबाई म्हणतात पाणी बाधतं. आणि तुझा प्रश्न असा की माझंच काही चुकतंय का, की ह्यांना एकट्यालाच पाठवून आम्ही साताऱ्याला राहावं?

मी डॉक्टर नाही. आमच्या ह्यांची नोकरीही बँकेचीच. चिपळूण, चंद्रपूर, जबलपूर, सिलिगुडी असं बिऱ्हाड हलवत दोन मुलं वाढवली, तेवढ्या जोरावर लिहिते. तुझं काही चुकत नाहीये. आणि जा, साताऱ्याला राहू नकोस. पण त्यांना आधी जाऊन हजर होऊ दे, तू मागून महिन्याभराने जा.

पाण्याचं आधी सांगते, कारण सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. पाण्याची चव किंवा क्षार बदलल्याने मुलं सहसा आजारी पडत नाहीत, पाण्यात काय मिसळलंय त्याने पडतात. रिकाम्या फ्लॅटची गच्चीवरची टाकी महिनोन् महिने कुणी धुतलेली नसते. फिल्टर ट्रकमधून येतो, तो बसवणारा माणूस चार दिवसांनी येतो. गॅसचं कनेक्शन मिळालेलं नसतं, म्हणून दोन्ही वेळचं जेवण हॉटेलातून. बाटली आणि चमचा-वाटी बेसिनच्या नळाखाली नुसती विसळली जाते, कारण मोठं पातेलं कुठल्या खोक्यात आहे हे कुणालाच माहीत नसतं. माझं पक्कं मत आहे की बदलीनंतरचे जुलाब हे घर लागलेलं नसल्याचे जुलाब असतात. म्हणून नवरा आधी गेला की त्याने सोफा कुठे ठेवायचा ते बघू नये. टाकी धुऊन घ्यावी, गॅस किंवा निदान इंडक्शनची शेगडी चालू करावी, फिल्टर बसवून घ्यावा. स्वयंपाकघराच्या खोक्यांवर मोठ्या अक्षरात लिही आणि ती ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढव, म्हणजे सगळ्यात आधी उतरतील. फिल्टर लागेपर्यंत पाणी खळखळून उकळी येऊ दे आणि मिनिटभर तसंच उकळत ठेव, तेवढं पुरतं. अर्धा तास आटवत बसायची गरज नाही. पहिले चार दिवस मूगडाळीची खिचडी नाहीतर मऊ भात, बास.

जुलाब झालेच तर ओआरएस, म्हणजे पाण्यात कालवून द्यायची मीठ-साखरेची पावडर. इथे दोन गोष्टींत गडबड होते. एक म्हणजे पुड्या दोन मापांच्या मिळतात, मोठी एक लिटर पाण्यासाठी आणि छोटी २०० मिलीसाठी. मोठी पुडी पेल्यात कालवली तर मीठ भलतंच जास्त होतं, बाळाला ते धोक्याचं. पुडीवर लिहिलेलं वाचायचं, तेवढं पाणी मोजून घ्यायचं, चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. दुसरं म्हणजे दुकानात फळाच्या चवीची गोड पेयं ओआरएसच्या नावाने खोक्यांतून विकली जात होती. त्यांत साखर इतकी की जुलाब वाढावेत. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्याविरुद्ध अनेक वर्षं भांडल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ठरलेल्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर 'ओआरएस' लिहायला बंदी घातली. तरी लहान गावच्या दुकानात जुना माल असू शकतो. तू आपली डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) फॉर्म्युला लिहिलेली पावडर निघायच्या आधीच घेऊन ठेव.

ओआरएसबरोबर झिंक. सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. धाकट्याला अंगावर पाजतेस तर ते अजिबात बंद करायचं नाही. मिठाची भाताची पेज द्यायला हरकत नाही, थोरलीला ताकही. जुलाब झटक्यात थांबवणारी मोठ्यांची गोळी लहान मुलांना नाही म्हणजे नाही. शीमधून रक्त पडलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, किंवा मुलाच्या पोटात पाणीही टिकत नसेल, तर घरचे उपाय तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा.

इथेच दुसऱ्या एका ताईंनी तुला प्रवासात बाळ झोपावं म्हणून जायफळ उगाळून चाटवायला सांगितलंय. आपल्याकडे करतात, माहीत आहे. पण जायफळ जास्त झालं की विषारी असतं, आणि उगाळताना नेमकं किती गेलं हे कुणाला कळतं? दहा महिन्यांच्या बाळाला देऊ नकोस. गाडीत रडला तर रडू दे, डब्यातले लोक सांभाळून घेतात.

आता ते वाहणारं नाक. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं धडधाकट मुलाचं लक्षण आहे, आणि पाळणाघर किंवा नवी शाळा सुरू झाली की त्याहून जास्त. एकेका सर्दीचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. हिशोब कर, म्हणजे महिनोन् महिने नाक वाहतंय असं का वाटलं ते कळेल. गोरखपूरला नव्या शाळेत घातलंस की पहिला हिवाळा असाच जाणार आहे, आत्ताच मनाची तयारी ठेव. ह्यातलं बहुतेक विषाणूंचं असतं, त्याला अँटिबायोटिक लागत नाही. तुझ्या तीन डॉक्टरांनी तीन दिली ह्याचं कारण, माझ्या मते, हे की प्रत्येकाने मुलगी पहिल्यांदाच पाहिली. ओळखीचा डॉक्टर म्हणतो, "तीन दिवस थांबू, हिचं असंच असतं." अनोळखी डॉक्टरला 'असंच असतं' म्हणायला आधार नसतो, म्हणून तो लिहून देतो. म्हणजे बदलीत तुम्ही सगळ्यात मोठं काय मागे ठेवून जाता, तर तुमच्या मुलांची ओळख असलेला माणूस. ती ओळख आता तुला हातात घेऊन जायची आहे.

त्यासाठी एक शंभर पानी वही कर, दोन्ही मुलांची अर्धी-अर्धी. जन्माचं वजन, आणि नंतर दर दोन-तीन महिन्यांनी तारखेसकट वजन. कुठलं औषध कधी दिलं, किती दिवस, त्याने काय झालं. कशाने अंगावर पुरळ आलं होतं. कधी वाफ किंवा नेब्युलायझर लागला होता का, तापात झटका आला होता का, दवाखान्यात ठेवलं होतं का. मेडिकलच्या बिलांवरची शाई वर्षभरात उडते, तेव्हा बिलं जपू नकोस, औषधांची नावं वहीत उतरव. डिस्चार्ज कार्ड आणि तपासण्यांचे फोटो काढून नवऱ्याच्या फोनमध्येही ठेव. ही वही ट्रकमध्ये जाता कामा नये, तुझ्या पर्समध्ये पाहिजे. मूल कसं श्वास घेतंय किंवा कसं खोकतंय ह्याचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखव. दवाखान्यात पोचेपर्यंत मुलं नेमकी हसायला लागतात. नागपूरच्या डॉक्टरांकडून निघण्याआधी अर्ध्या पानाची नोंद मागून घे. चंद्रपूरच्या आमच्या डॉक्टरांनी दिलेल्या तसल्या एका कागदामुळे जबलपूरला किती प्रश्न टळले!

तापाच्या औषधाचं मात्र नीट वाच, कारण बदलीत चूक होते ती इथे. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर असतो, एका किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तास, दिवसात चारच्या वर नाही. दहा किलोच्या मुलाला जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम. आता सिरप मिळतं ते ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचंही आणि २५० मिलिग्रॅमचंही, बऱ्याचदा एकाच नावाने. बाळाचे थेंब तर एका मिलीत १०० मिलिग्रॅमचे. तुला सवय असते "सहा मिली द्यायचं" अशी. नव्या गावात दुकानदाराने २५० वालं दिलं तर त्याच सहा मिलीत दुप्पट औषध जातं, आणि थेंब असतील तर चौपट. म्हणून वहीत मिली लिहू नकोस, मिलिग्रॅम लिही, आणि बाटली नवी आली की लेबल वाचून मग मिलीचा हिशोब डॉक्टरांकडून किंवा फार्मासिस्टकडून ताडून घे. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नसतं. डेंग्यूची शक्यता असेल तर आयब्युप्रोफेनही नको.

खोकल्याच्या औषधाबद्दल तुला नागपूरला राहून वेगळं सांगायला नको. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं नागपूरच्या दवाखान्यांत आणली होती, खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली, २० हून अधिक मुलं गेली. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखाली खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. थोरलीला रात्री चमचाभर मध दे, बरं वाटतं. धाकट्याला वर्षाचा होईपर्यंत मध चाटवायचा नाही, कुणी कितीही म्हणालं तरी.

घाबरायचं कधी? मूल झोपलेलं असताना पोट वर-खाली होताना पूर्ण एक मिनिट श्वास मोज. वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. ताप १०१ की १०३ ह्यापेक्षा ताप उतरल्यावर मूल खेळतंय की मलूल पडलंय हे जास्त सांगतं. झटका आला तर कुशीवर झोपव, तोंडात काही घालू नकोस, कांदा-चप्पल हुंगवत बसू नकोस, घड्याळ बघ. पाच मिनिटांच्या वर गेला तर थेट दवाखाना. शुद्धीवर आलं तरी पहिला झटका असेल तर त्याच दिवशी दाखवायचंच.

गोरखपूर म्हणून मुद्दाम सांगते ते जपानी मेंदूज्वराचं. २००५ च्या साथीत त्या भागात हजारावर मृत्यू झाले, बहुतेक मुलं, आणि २००६ पासून लस सुरू झाली. आता परिस्थिती पुष्कळ बरी आहे, पण आजार गेलेला नाही. भातखाचरांतल्या पाण्यात वाढणाऱ्या डासांमुळे तो पसरतो, पावसाळ्यात जास्त. ही लस देशभर सगळीकडे देत नाहीत, ठरावीक जिल्ह्यांतच देतात. त्यात विदर्भातले काही जिल्हे आहेत, रत्नागिरी नाही. तेव्हा दोघांचं कार्ड काढून ही लस दिलीय का बघ. नसेल तर नागपूरच्या डॉक्टरांना आत्ताच विचार, गोरखपूरला पोचून विचारू म्हणू नकोस. धाकट्याची गोवर-रुबेलाची नऊ महिन्यांची लस आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोसही झालाय ना ते बघ. एखादी लस चुकली असेल तर बहुतेक लशींचं सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही, राहिलेली घेतली की झालं. लसीकरणाचं कार्ड कुठल्याही राज्यातल्या सरकारी केंद्रात चालतं.

आणि तिथे पावसाळ्यानंतर पाच दिवसांत न उतरलेला ताप आला तर डॉक्टरांना "स्क्रब टायफस असेल का?" असं तूच विचार. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो, वेळेत ओळखला तर साध्या औषधाने बरा होतो. त्या भागातल्या डॉक्टरांना तो चांगला माहीत आहे. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच दोन दिवस डोळ्यात तेल घालून बघायचं: पोट दुखणं, सारख्या उलट्या, कुठून रक्त, गुंगी.

तुझं स्वतःचं तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणून विचारते. थायरॉइड किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर दोन महिन्यांच्या घेऊन ठेव, नव्या गावात आईच्या गोळ्या सगळ्यात शेवटी आणल्या जातात. तुला ताप आला तरी अंगावर पाजायला हरकत नसते, पॅरासिटामॉल चालतं. पण त्या दिवशी मुलांचं कोण बघणार हे आधी ठरव. नवऱ्याला ती वही वाचता आली पाहिजे, डोस काढता आला पाहिजे. एकदा त्याच्याकडूनच करून घे. शेजारच्या एका बाईशी पहिल्या आठवड्यात ओळख कर, मुलांचा डॉक्टर कोण हे तिलाच विचार. सिलिगुडीत मला मुलांचा डॉक्टर खालच्या मजल्यावरच्या बंगाली मावशींनी दाखवला होता, इंटरनेटने नाही. मुलं बरी असतानाच त्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन ये, वजन करायला म्हणून. रात्री अकराला तापलेलं मूल घेऊन पहिल्यांदा जाण्यापेक्षा ते बरं.

प्रवासात ओआरएस, थर्मामीटर, तापाचं औषध आणि वही हातातल्या पिशवीत. गाडीत डॉक्टर लागला तर रेल्वेच्या १३९ वर फोन केला की पुढच्या मोठ्या स्टेशनवर सोय करतात. लशींचं कार्ड बघितलंस की काय राहिलंय ते इथे लिही.