सतराव्या वर्षीचे जगज्जेते पुढे कुठे गेले?

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत असून शाळेच्या फुटबॉल संघात मधल्या फळीत खेळतो. यंदा वयोगटाच्या संघात निवड झाली नाही, म्हणून तो खचला आहे. २०१७ साली कोलकात्यात सतरा वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या मुलांचा खेळ त्याने लहानपणी टीव्हीवर पाहिला होता. त्या संघातील मिडफिल्डर पुढे काय झाले?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : २८ ऑक्टोबर २०१७ रोजी सॉल्ट लेक मैदानावरील त्या अंतिम सामन्यात स्पेन दोन गोलांनी पुढे होता. मध्यंतराआधी रियान ब्रूस्टरने एक गोल फेडला, मध्यंतरानंतर मॉर्गन गिब्स-व्हाइटने बरोबरी साधली आणि फिल फोडेनच्या दोन गोलांच्या बळावर इंग्लंडने ५-२ असा विजय मिळवला. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मानही फोडेनलाच मिळाला.

फोडेनने त्यानंतर महिनाभरातच मँचेस्टर सिटीच्या पहिल्या संघातून पदार्पण केले. तरीही संघात हक्काचे स्थान मिळेपर्यंत, म्हणजे २०२० मध्ये डेव्हिड सिल्व्हा क्लब सोडून जाईपर्यंत, त्याला बराच काळ बाकावर बसावे लागले. घरच्या क्लबातच थांबून मोठे होणे त्याला साधले. पण माझ्या मते त्याचा मार्ग हा अपवाद आहे, आणि आपल्या मुलाने त्याच्याशी स्वतःची तुलना करू नये.

बाकीच्यांचे मार्ग मला अधिक बोलके वाटतात. कॉनर गॅलघर चेल्सीच्या अकादमीत वाढला, पण क्लबने त्याला चार्लटन, स्वान्सी, वेस्ट ब्रॉम आणि क्रिस्टल पॅलेस अशा चार संघांकडे एकापाठोपाठ लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरते उसने, पाठवले. दर वेळी नवा संघ, नवे सहकारी. मात्र त्या बदल्यात त्याला भरपूर सामने मिळाले, आणि २०२१ मध्ये पॅलेसकडून खेळत असतानाच त्याची इंग्लंडच्या वरिष्ठ संघात वर्णी लागली. अँजेल गोम्स सोळाव्या वर्षीच मँचेस्टर युनायटेडकडून उतरला होता. प्रीमियर लीगमध्ये खेळलेला तो २००० साली किंवा त्यानंतर जन्मलेला पहिला खेळाडू. पण तेथे संधी मिळेना, तेव्हा २०२० मध्ये करार संपताच त्याने फ्रान्समधील लीलचा रस्ता धरला, आणि लीलने त्याला आधी वर्षभर पोर्तुगालमधील बोआव्हिस्ताकडे पाठवले.

गिब्स-व्हाइटच्या बाबतीत प्रशिक्षकाचा वाटा मोठा आहे. कोलकात्यातील संघाचे प्रशिक्षक स्टीव्ह कूपर पुढे स्वान्सीला गेले, तेव्हा त्यांनी त्याला लोनवर बोलावून घेतले. २०२२ मध्ये कूपर नॉटिंगहॅम फॉरेस्टला असताना तो आपला वुल्व्हज हा क्लब सोडून तेथे दाखल झाला. मुलाचा खेळ ओळखणारा माणूस मिळणे हे निवडीइतकेच मोलाचे असते.

जॉर्ज मॅकईक्रनला मात्र चेल्सीच्या अकादमीतून पुढे खालच्या विभागांतील क्लबांकडे जावे लागले. तरीही तो व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणूनच खेळत राहिला, आणि त्याला अपयशी म्हणणे मला मान्य नाही.

आपल्या मुलाला यंदा कोणत्या संघाचा गणवेश मिळाला नाही यापेक्षा, कोणता संघ त्याला दर आठवड्याला पूर्ण सामना खेळवील, हे आधी पाहावे. जगज्जेते झालेल्या गोम्स आणि गिब्स-व्हाइट यांनासुद्धा इंग्लंडच्या वरिष्ठ संघातील पहिला सामना जवळजवळ सात वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, डब्लिन येथे आयर्लंडविरुद्ध मिळाला.