देश कोसळत असताना निघायचं कधी ठरवावं?

तुम्ही विचारलंत, देशाची अर्थव्यवस्था कोसळते तेव्हा साध्या घरात नेमकं काय होतं आणि देश सोडायचा की नाही हे कसं ठरवायचं. २०२२ मध्ये श्रीलंकेत मी दोन्हीतून गेले आहे, म्हणून लिहिते.

मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली. नवरा श्रीलंकेचा. तो इथे सयाजीराव विद्यापीठात शिकायला आला होता, तेव्हाची ओळख. लग्नानंतर २०१३ पासून आम्ही कोलंबोला लागून असलेल्या नुगेगोडात राहत होतो. ऑगस्ट २०२२ मध्ये मुलीला घेऊन बडोद्याला आलो. सासूबाई आल्या नाहीत.

आम्हाला संकट पहिल्यांदा दिसलं ते दुधाच्या पावडरीत. तिकडे घरोघरी चहाला पावडरीचंच दूध, आणि ती बरीचशी बाहेरून येते. २०२१ सरत असताना आमचा दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला एकेक पाकीट हळूच काढून द्यायला लागला. चार दिवसांची टंचाई असेल, असं वाटलं. मग गॅस मिळेना. मग डिझेल मिळेना, आणि डिझेल नाही म्हणून वीज नाही. मार्च २०२२ च्या अखेरीस दिवसाला १३ तास वीज जात होती. छपाईला कागद नाही म्हणून पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे गेल्या.

मुळात देशाकडे डॉलर उरले नव्हते. २०१९ च्या ईस्टरच्या बॉम्बस्फोटांनी पर्यटन बसलं, त्याच वर्षाअखेर सरकारने कर घटवले, मग कोरोना आला, आणि २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केल्याने भाताचं पीक घसरलं. १२ एप्रिल २०२२ ला सरकारने जाहीर केलं की परदेशी कर्ज आता फेडता येत नाही. पण मला विचाराल तर खूण त्याआधीच दिसली होती. डॉलर वाचवायला २०२० मध्ये गाड्यांची आयात थांबवली, तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवं होतं. आम्हाला गाडी घ्यायची नव्हती, म्हणून लक्ष दिलं नाही.

मी एका ऑफिसात हिशेब बघायची. पगार ९०,००० श्रीलंकन रुपये, तो शेवटपर्यंत तेवढाच होता. मार्चच्या सुरुवातीला डॉलर साधारण २०० रुपयांना होता, मे महिन्यात ३६० च्या आसपास गेला. म्हणजे ४५० डॉलरचा पगार २५० वर आला. जानेवारीत १७७ रुपये लिटर असलेलं पेट्रोल जूनअखेर ४७० झालं. गॅसचा सिलिंडर २,६७५ वरून ४,८६० वर गेला, आणि पैसे असूनही मिळत नव्हता. आम्ही अंगणात तीन विटा मांडून चूल केली.

रांगेला सिंहलीत पोलिम म्हणतात. ते वर्ष पोलिममध्येच गेलं. नवरा पेट्रोलसाठी दोन-दोन रात्री गाडीत झोपायचा आणि मी डबा घेऊन चालत जायची. आमच्या पंपावर एक निवृत्त शिक्षक वहीत नंबर लिहायचे. कोणी घरी जाऊन आलं तरी त्याचा नंबर ते जाऊ देत नसत. ती वही नसती तर तिथे रोज मारामारी झाली असती. उन्हात रांगेत उभी असलेली म्हातारी माणसं कोसळून गेल्याच्या बातम्या मार्चपासूनच येत होत्या.

पण आमचा निर्णय पेट्रोलने झाला नाही, गोळ्यांनी झाला. अम्मांना, म्हणजे सासूबाईंना, थायरॉइडची आणि रक्तदाबाची गोळी रोज लागते. औषधं बहुतेक बाहेरून येणारी. जूनमध्ये मी चार दुकानं फिरले आणि थायरॉइडच्या अकरा गोळ्या घेऊन घरी आले. बाबांनी बडोद्याहून कोलंबोला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर सहा महिन्यांच्या गोळ्या पाठवल्या. त्या रात्री अम्मा म्हणाल्या, "दुवे, बाहेरून पाठवणारं कोणीतरी हवं. तुम्ही जा." दुवे म्हणजे सिंहलीत ‘पोरी’ अशी लेकीला मारलेली हाक. मी खूप रडले, पण त्यांचं बरोबर होतं. आम्ही तिघं तिथे राहून त्यांना उपयोगी पडत नव्हतो.

आम्ही महिन्या-दीड महिन्यात निघू शकलो ते एका कागदामुळे. बाबांनी २०१८ मध्ये हट्ट धरून जावयाचं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी माणसाला भारतात व्हिसाशिवाय राहू देणारं कार्ड, करून घेतलं होतं. तेव्हा आम्हाला ती कटकट वाटली होती. माझा दीर मात्र बत्तरमुल्लाला पासपोर्टच्या कचेरीबाहेर दोन रात्री बसला. त्या वर्षात तिथे नऊ लाखांहून अधिक पासपोर्ट निघाले. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पदव्यांवरचे शिक्के, हे सगळं जायचं नसतानाच करून ठेवा. आमच्या बँकेत रुपये होते, पण त्याचे डॉलर कोणी देत नव्हतं. म्हणून थोडं सोनं हाताशी असलेलं बरं.

आल्यावर सगळं सुरळीत झालं असं नाही. नवऱ्याला नऊ महिने काम नव्हतं. मुलीचं सिंहली सुटत चाललंय. आजीशी फोनवर बोलताना ती शब्दाला अडते, तेव्हा नवरा उठून गच्चीवर जातो.

आणि देश सावरला. भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली, मार्च २०२३ मध्ये नाणेनिधीचं २.९ अब्जांचं कर्ज मंजूर झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये ६९.८ टक्के असलेली महागाई पुढच्या जुलैत एक आकड्यात आली. थांबलो असतो तर निभावलं असतं का? कदाचित. आमचे शेजारी थांबले आणि आज ठीक आहेत. तरी मला पश्चात्ताप नाही, कारण देश सावरेल की नाही यावर आम्ही निर्णय घेतलाच नव्हता. घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाला कुठून जास्त आधार देता येईल, एवढंच पाहिलं. आजही दर तीन महिन्यांनी मी रावपुऱ्यातून गोळ्या घेते. आता त्या तिकडेही मिळतात, पण अम्मांना इथल्याच हव्या असतात.

तुमच्या प्रश्नात घरी कोण कोण आहे ते आलेलं नाही. रोजचं औषध कोणाला लागतं आणि कोणाचा पासपोर्ट तयार आहे, एवढं खाली लिहा. मग पुढचं नीट सांगता येईल.