टायर घेण्याआधी चारही चाकांचं वजन वेगवेगळं करून घ्या

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पिकअपवर नवा कॅम्पर, म्हणजे पाठीवर बसवायचं छोटं घर, चढवला, मागची बाजू बसली, वळणावर गाडी डुलते आणि उभी असताना डावीकडे जरा कललेली दिसते. तर टायर कुठले घ्यावेत आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या मदतीला एअर बॅगा (हवा भरायच्या रबरी पिशव्या) बसवाव्यात का, असं तुम्ही विचारलं आहे. 'डावीकडे कललेली' हे शब्द वाचले आणि राहवलं नाही. सहा वर्षांपूर्वी माझी गाडी अगदी तशीच उभी असायची.

आधीच सांगते, मी मेकॅनिक नाही. माझी गाडी वेगळी, तुमची वेगळी. शेवटचा शब्द तुमच्या गाडीच्या पुस्तकाचा आणि दारावरच्या स्टिकरचा. ते स्टिकर तुम्ही वाचलं असेलच, त्यामुळे एकूण वजनाची मर्यादा म्हणजे काय वगैरे सांगत बसत नाही.

माझं काय चुकलं ते आधी. कॅम्परच्या माहितीपत्रकात वजन १०८० किलो छापलं होतं. मी तेच धरून हिशोब केला, मागे नवे 'ई' रेंजचे टायर घातले, लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो त्याचा सांकेतिक आकडा) १२१, म्हणजे ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवेवर एका टायरला १४५० किलो. दोन टायरचे २९०० झाले, मागच्या एक्सलची, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आसाची, मर्यादाही २९००. गणित बसलं म्हणून मी निर्धास्त. गाडी मागे बसत होती म्हणून एअर बॅगा लावल्या. डावीकडे कलत होती म्हणून डाव्या बॅगेत जास्त हवा भरली. गाडी सरळ झाली. सरळ उभी आहे म्हणजे सगळं ठीक आहे, अशी माझी खात्रीच पटली होती.

तो कल म्हणजे गाडीने दिलेली सूचना होती आणि मी ती हवा भरून पुसून टाकली. एअर बॅग गाडीची उंची सावरते, वजन कमी करत नाही. टायरवर, रिमवर आणि एक्सलवर येणारा भार तेवढाच राहतो. उलट एकाच बाजूची बॅग जास्त फुगवली की त्या कोपऱ्यातल्या चाकावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या चाकावर भार थोडा वाढतोच. म्हणजे आधीच जड असलेल्या कोपऱ्यावर मी स्वतःच्या हाताने आणखी भर घातली.

दुसऱ्याच मोठ्या प्रवासात भर उन्हात, लांबलचक चढ संपता संपता मागचा डावा टायर गेला. ट्रेडची, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाची, पट्टी सुटून चाकावरचा पत्रा फाटला, कॅम्परच्या सांडपाण्याचा पाइप तुटला. गाडी कडेला घेता आली, कोणाला इजा झाली नाही. पण पुढचे कित्येक दिवस स्टिअरिंग धरलं की हात थरथरायचे.

त्यानंतर मी गाडी पहिल्यांदा काट्यावर नेली. प्रवासाला निघतो तशी, टाक्या भरून आणि माणसं बसवून. आधी एक्सलनुसार वजन केलं, मग एकेका बाजूची चाकं काट्यावर घेऊन. मागचा एक्सल २८४० किलो, म्हणजे मर्यादेच्या आत! पण डावं चाक १५३० आणि उजवं १३१०. पाण्याची ११० लिटरची टाकी, फ्रिज, बॅटऱ्या, सगळं डावीकडे. १४५० किलोचा टायर १५३० किलो वाहत होता आणि कागदावर माझा एक्सल निर्दोष होता. भरलेला कॅम्पर १४४० किलोचा निघाला, माहितीपत्रकापेक्षा ३६० किलो जास्त. छापलेलं वजन कोरडं असतं. त्यात पाणी नाही, गॅस नाही, बहुतेक वेळा बॅटऱ्या आणि छताची कनातही नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, एवढं लक्षात ठेवलं तरी डोळे उघडतात.

पण ८० किलो जास्त म्हणून टायर फुटला का? एवढंच कारण नव्हतं. उरलेल्या चाकांच्या हवा भरायच्या व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकून पाहिलं, तर मागच्या उजव्या चाकाचा व्हॉल्व्ह जरा वाकवला की बुडाशी बुडबुडे येत होते. टायर बसवणाऱ्या दुकानाने छोट्या गाड्यांना घालतात ते साधे, रबरी, दाबून बसवायचे व्हॉल्व्ह घातले होते. ते ६५ पीएसआयपर्यंतचे असतात, मी ८० भरत होते. फुटलेल्या चाकाची हवाही तिथूनच हळूहळू उतरली असणार, असं माझं मत आहे. हवा कमी झाली की टायरची बाजू जास्त दबते, दबली की तापते, आणि जड टायर तापला की तो फार वेळ तग धरत नाही. ८० पीएसआय भरणार असाल तर जास्त दाबाचे किंवा नटने आवळायचे धातूचे व्हॉल्व्हच घ्या, आणि बिलावर व्हॉल्व्हचा प्रकार लिहून घ्या. माझ्या बिलावर फक्त 'फिटिंग' एवढाच शब्द होता.

तो शब्द मला फार महागात पडला. दुकान म्हणालं, कंपनीला विचारा. टायर कंपनीच्या तक्रार विभागाने फाटलेला टायर मागवून घेतला, सहा आठवडे ठेवला आणि 'जादा भार' असं कळवलं. मी काट्याची पावती पाठवली, तर उत्तर आलं की ही पावती घटनेनंतरची आहे, आधीची द्या. आधीची नव्हतीच. व्हॉल्व्हबद्दल तीन पत्रं लिहिली, एकाही उत्तरात व्हॉल्व्ह हा शब्द आला नाही. फोनवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. शेवटी प्रकरण बंद केल्याचं दोन ओळींचं पत्र आलं. मला अजूनही त्याचा राग येतो. भार माझ्याकडून जास्त झाला हे मी मान्य केलं होतं, त्यांनी निदान व्हॉल्व्हकडे नजर तरी टाकायची. प्रवासाआधीची एक पावती माझ्या हातात असती, तर एवढ्या सहज कोणी मला परतवू शकलं नसतं.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, काहीही विकत घेण्याआधी गाडी पूर्ण भरून चारही चाकांचं वजन वेगवेगळं करा आणि पावती तारखेसह जपून ठेवा. एअर बॅगा आधीच लावलेल्या असतील तर दोन्हींत सारखीच हवा ठेवून करा. शक्य असेल तर कॅम्पर उतरवूनही एकदा करा, म्हणजे त्याचं खरं वजन कळेल.

आता टायर. ब्रँडवरून इथे रोज वाद होतात, मला त्यात पडायचं नाही. सगळ्यात जड चाकाचा आकडा घ्या आणि त्याच्यावर भरपूर जागा उरेल असा लोड इंडेक्स निवडा. मी स्वतः निदान दहा टक्के तरी सोडते. नुसतं 'ई' अक्षर बघून फसू नका. ते अक्षर हवेच्या दाबाची पायरी सांगते, किलो सांगत नाही. एलटी (म्हणजे हलक्या ट्रकचा) २२५/७५ आर १६ 'ई' हा ११५ इंडेक्सचा, म्हणजे १२१५ किलोचा. एलटी २७५/७० आर १८ सुद्धा 'ई'च, पण इंडेक्स १२५, म्हणजे १६५० किलो. अक्षर एकच आणि एका चाकामागे ४३५ किलोंचा फरक! तुमच्या गाडीवर आत्ता कारचे टायर असतील, तर पिकअपवर त्यांची छापील क्षमता १.१ने भागून धरायची असते. कॅम्परखाली मात्र ते मी भागून किंवा न भागून, कसेही वापरणार नाही. त्यांची बाजू मऊ असते आणि तुमचं अर्धं डुलणं तिथूनच येत असेल.

रिम विसरू नका. रिमच्या मागच्या अंगाला बहुधा तिची भारमर्यादा कोरलेली असते. १७०० किलोचा टायर १४०० किलोच्या रिमवर घातला तर तुमच्याकडे १४०० किलोचंच चाक आहे. दिसायला दणकट, उंच, चिखलातले टायर घ्यायचा मोह होईल. माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. उंची वाढली की ब्रेकवरचा ताण वाढतो, आणि मोठा टायर जास्त वजन पेलतोच असं नाही.

हवा थंड टायरमध्येच मोजा. चालून तापल्यावर दाब वाढणारच, तेव्हा ती काढू नका. पुढच्या टायरना उगाच ८० भरू नका, काट्यावरचा पुढचा आकडा आणि टायर कंपनीचा तक्ता जुळवून ठरवा. गाडीचा स्वतःचा दाब-इशारा बहुतेक वेळा दारावरच्या आकड्यानुसार लावलेला असतो. तुमचा दाब त्याहून खूप जास्त असेल तर तो उशिरा वाजेल, म्हणून मी वेगळे सेन्सर बसवले. स्टेपनीही त्याच क्षमतेची हवी. माझ्याकडे तेव्हा जुनीच होती, त्यामुळे उरलेला रस्ता पाण्याची टाकी रिकामी करून सावकाश कापावा लागला.

सस्पेन्शनबद्दल थोडक्यात. गाडी मागे बसणं आणि डुलणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. डुलण्यासाठी आधी चांगले शॉक अब्सॉर्बर आणि मागे जाड अँटी-रोल बार (वळणावर कलणं आवरणारा दांडा). शॉक अब्सॉर्बर भार उचलत नाहीत, ते फक्त हेलकावे आवरतात, म्हणून त्यांच्याकडून उंचीची अपेक्षा ठेवू नका. पाट्यांच्या संचात खालचा जाड पाटा असेल, तर तो लवकर टेकेल असे ठोकळे मिळतात, त्यांनी मला बॅगांपेक्षा जास्त फरक पडला. बॅगा सगळ्यात शेवटी, आणि दोन्ही बाजूंना स्वतंत्र नळ्या हव्यात. एकच नळी जोडलेली असली तर वळणावर दबलेल्या बॅगेतली हवा दुसरीकडे पळते आणि डुलणं वाढतं. आणि यातल्या कशानेही दारावरची मर्यादा वाढत नाही, विकणारा काहीही म्हणो.

कॅम्परच्या अंगावर गुरुत्वमध्याची, म्हणजे त्याचं सगळं वजन जिथे तोललं जातं त्या बिंदूची, खूण असते. ती मागच्या एक्सलच्या पुढेच यायला हवी. मागे येत असेल तर पुढची चाकं हलकी होतील, स्टिअरिंग हलकं लागेल, आणि ते कुठल्याही टायरने सुधारणार नाही. तसं असेल तर कॅम्पर त्या गाडीचा नाही, हे मान्य करावं लागेल.

मी स्वतः काय केलं तर बॅटऱ्या उजवीकडे हलवल्या, पाण्याची टाकी निघताना अर्धीच भरते, रिमसकट १२६ इंडेक्सचे, म्हणजे १७०० किलोचे टायर घेतले. आता मागची दोन चाकं १४०० आणि १३६० दाखवतात आणि दोन्ही बॅगांत हवा सारखी असते.

तुमची डावी बाजू का कलते ते वजन केल्याशिवाय कळणार नाही. पाटा थकलेला असू शकतो किंवा सामान एकीकडे असू शकतं. तोवर डाव्या बाजूला हवा भरून गाडी सरळ करू नका. चारही चाकांचे आकडे, सध्याच्या टायरचा लोड इंडेक्स आणि रिमवरचा आकडा इथे लिहा, मी नक्की बघते.