वाचकांचे प्रश्न : प्रकल्प 'एआय'चा ठरवला, आता?

प्रश्न : टीवायबीकॉमचा प्रकल्प अहवाल मी स्वतः इंग्रजीत लिहिला. कॉलेजने '४२ टक्के एआय' असा शेरा मारून परत पाठवला. यूजीसीच्या नियमानुसार १० टक्क्यांवर चालत नाही, असं सर म्हणतात. काय करू? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : इथे दोन आकड्यांची सरमिसळ झाली आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतले १० टक्के 'सिमिलॅरिटी'चे, म्हणजे मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो त्याचे. एआयशी त्यांचा संबंध नाही. शिवाय ती नियमावली पदव्युत्तर आणि संशोधन पातळीच्या प्रबंधांसाठी आहे. प्रकल्प अहवाल, असाइनमेंट, उत्तरपत्रिका तिने स्पष्ट वगळल्या आहेत. कॉलेजला स्वतःचा नियम करता येतो, पण मग तो लेखी मागा.

सिमिलॅरिटीत मूळ स्रोत समोर ठेवता येतो. एआयच्या टक्क्यांत तसं काही नसतं. पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, यावरून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. गाइडमधून घोटलेलं 'प्लेज अ व्हायटल रोल' छापाचं इंग्रजी त्याला हमखास यंत्राचं वाटतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये टोफेलचे, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या इंग्रजी परीक्षेचे ९१ निबंध ७ डिटेक्टरांना, म्हणजे एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरना दिले. माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांना 'एआयचे' ठरवण्याचं प्रमाण सरासरी ६१ टक्के निघालं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने तर आपला डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंदच केला.

गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर 'फाइल' मेनूतून 'व्हर्जन हिस्ट्री' उघडा आणि तारखांसह स्क्रीनशॉट काढा. मात्र दुसरीकडे टाइप करून एकदम पेस्ट केलं असेल, तर एकाच मिनिटात वीस पानं उगवलेली दिसतील आणि पुरावा उलटेल. अशा वेळी भरलेल्या प्रश्नावल्या, एक्सेलची मूळ फाइल, कच्ची वही पुढे ठेवा. अर्जात एकच मागणी करा : तोंडी परीक्षा घ्या. मजकूर माणसाचा वाटावा म्हणून शब्द बदलून देणाऱ्या 'ह्यूमनायझर' साइटवरून तो मुळीच फिरवू नका; आज तुमचा असलेला अहवाल त्यानंतर खरोखरच यंत्राचा होईल.

प्रश्न : प्रथम वर्षाच्या १२० मुलांचे पर्यावरण प्रकल्प एकाच साच्यातून काढल्यासारखे येतात. एआयवर बंदी घालावी का? – एक प्राध्यापक, लातूर

उत्तर : बंदी पाळली जाते की नाही हे तपासणार कसं? त्यापेक्षा विषय बदला. 'जलप्रदूषण : कारणे व उपाय' दिलंत तर चॅटजीपीटी दोन मिनिटांत पंधरा पानं देईल. त्याऐवजी घरचा ओला आणि सुका कचरा ७ दिवस वेगवेगळा तोलायला सांगा. रोजची नोंद वहीत, काट्यावरच्या आकड्याच्या फोटोसकट. भाषा सुधारायला एआय वापरलं तर चालेल, पण कुठे वापरलं ते शेवटच्या पानावर लिहायचं. सातही दिवशी बरोबर ५०० ग्रॅम भरले असतील, तर कुठं बोट ठेवायचं ते तुम्हाला कळेलच.

पाच-पाच जणांचे २४ गट करा, प्रत्येकी १० मिनिटं तोंडी. एकूण ४ तास, म्हणजे दोन दुपारी. 'रविवारी वजन का वाढलं?' हे गटातल्या सर्वांत गप्प मुलाला विचारा. संदर्भसूचीतल्या कुठल्याही दोन पुस्तकांच्या वापरलेल्या पानाचा फोटो मागा, कारण एआय नसलेली पुस्तकंही लेखक-प्रकाशकासह बेधडक देतं. आणि मुलांची नावं, रोल नंबर असलेले अहवाल फुकटच्या डिटेक्टरवर चढवू नका.