मिडसाइज पिकअपनं २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर ओढणं सुरक्षित आहे का?

तुम्ही लिहिलंय की ट्रक ७,५०० पौंड ओढतो, मनात भरलेला ट्रेलर (ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) २६ फुटी आणि रिकामा ५,३०० पौंडांचा आहे, आणि तुम्ही दोघं व दोन मुलं जूनमध्ये डॅलसहून यलोस्टोनला निघणार. विक्रेत्यानं हिशेब सांगितला, 'अजून बावीसशे पौंड हातात आहेत, काळजी कसली?'

हा ट्रेलर घेऊ नका. याहून लहान घ्या आणि मग जरूर जा.

मी कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहतो. सहा वर्षं असाच मिडसाइज ट्रक आणि २१ फुटी ट्रेलर घेऊन हिंडतोय. ट्रक घेताना मीही त्या ओढण्याच्या आकड्यावरच भाळलो होतो. पण या आकाराच्या ट्रकांचं दुखणं वेगळं असतं. ओढायला ताकद पुरते, पाठीवर घ्यायला पुरत नाही. इंजिन दमायच्या कितीतरी आधी पेलोड, म्हणजे ट्रकवर चढवता येणारं वजन, संपतं.

पेलोडचा आकडा ब्रोशरमध्ये शोधू नका, तो त्या मॉडेलच्या सगळ्यात हलक्या ट्रकचा असतो. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं एक स्टिकर दिसेल. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा आकडा तुमच्याच ट्रकचा. शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलच्या ट्रकवर दुसरा असू शकतो, कारण फोर बाय फोर, चार दारांची कॅब, सनरूफ, सगळं त्यातूनच वजा होतं. माझ्या ट्रकवर १,२४० पौंड आहे. तुमचाही ११०० ते १४०० च्या दरम्यान कुठेतरी निघेल असा अंदाज आहे. तूर्त माझाच आकडा धरून तुमचा हिशेब करू.

५,३०० हे 'ड्राय वेट' आहे, म्हणजे कारखान्यातून निघालेला रिकामा ट्रेलर. त्यात पाणी नाही, आणि बॅटरी व भरलेले गॅस सिलिंडरही बऱ्याचदा धरलेले नसतात. पाण्याच्या एका गॅलनला ८.३ पौंड. ४० गॅलनची टाकी भरली तर ३३० पौंड तिथेच झाले. मग भांडी, अंथरुणं-पांघरुणं, खुर्च्या, होज, कुकर, दहा दिवसांचा शिधा. आपल्या लोकांचा शिधा कसा असतो ते मी सांगायला नको, आमच्याकडे पहिल्या सहलीला पाटा-वरवंटा तेवढा राहिला होता. चौघांच्या कुटुंबाला ८०० ते १००० पौंड सहज होतात. म्हणजे रस्त्यावरचा तुमचा ट्रेलर ६,२०० पौंडांचा.

ट्रॅव्हल ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडतात त्या गोळ्यावर, यायला हवा. त्याला टंग वेट म्हणतात. १३ टक्के धरले तर ८०६ पौंड, आणि हे सगळं ट्रकच्या पेलोडमधून जातं. त्यात हिचचं स्वतःचं वजन साधारण ८० पौंड आणि तुमचे चौघांचे मिळून ४५० पौंड घाला. बेरीज १,३३६. स्टिकर म्हणतं १,२४०. ट्रकच्या मागच्या हौद्यात अजून तुम्ही एक कूलरही ठेवलेला नाही.

विक्रेता खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. तो ७,५०० चा आकडा बहुतेक कंपन्या एसएई जे२८०७ या मानकानुसार काढतात आणि ती चाचणी चांगली कडक आहे. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा सुमारे ११ मैलांचा चढ, ऐन उन्हाळा, एसी पूर्ण सुरू, आणि ठरलेल्या वेगाच्या खाली यायचं नाही. पण त्या हिशेबात ट्रकमध्ये ड्रायव्हर आणि एक प्रवासी असतो, दोघंही दीडशे-दीडशे पौंडांचे. मुलं नाहीत, सायकली नाहीत, शिधा तर नाहीच.

आता मनात येईल की टंग वेट कमी केलं तर? सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूला सरकवलं की बॉलवरचा भार उतरेल, पेलोड वाचेल. मी अजाणता नेमकं हेच केलं होतं.

गावाकडे बैलगाडी भरताना पाहिली असेल तर ही गोष्ट लगेच कळेल. भार मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला ताण बसतो. पुढे जास्त झाला की जू मानेवर रुततं. जाणता गाडीवान गाडी भरून झाली की जू हातानं उचलून अंदाज घेतो. ट्रेलरचं हेच गणित आहे, फक्त बैलगाडी तासाला अडीच-तीन मैलांनी जाते आणि आपण साठनं. उलाळ ट्रेलर साठच्या वेगात नुसता उचलला जात नाही, तो शेपटीसारखा डोलायला लागतो. त्यालाच इकडे 'स्वे' म्हणतात.

पहिल्या वर्षी वायोमिंगमधून आय-८० नं लॅरमीहून रॉलिन्सकडे चाललो होतो. हा पट्टा वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध आहे. वारा वाढला की हलक्या आणि उंच गाड्यांना इथे रस्ता बंद करतात. त्या दिवशी बंद नव्हता. ट्रेलरच्या मागच्या बंपरला स्टँड लावून तीन सायकली टांगल्या होत्या, मागच्या कप्प्यात जळाऊ लाकडं, आणि पाण्याची टाकी भरलेली. आमच्या ट्रेलरची टाकी चाकांच्या मागे आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. उतार लागला, वेग ६८ झाला, डावीकडून एक सेमी (मोठा मालट्रक) पुढे गेला आणि बायको म्हणाली, "अरे, आरशात बघ." ट्रेलर आधी एका बाजूच्या आरशात दिसला, मग दुसऱ्या, मग परत पहिल्या. दर झोक्याला जास्त. माझा पाय ब्रेकवर गेला आणि डोलणं आणखी वाढलं, कारण ट्रक थांबत होता आणि ट्रेलर मागून ढकलत होता. सुदैवानं ट्रक ताब्यात देणाऱ्या माणसानं ब्रेक कंट्रोलरची (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राची) पट्टी दाखवून ठेवली होती. पाय ब्रेकवरून काढला आणि ती पट्टी सरकवली. तिनं फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. मागून कुणीतरी शेपूट धरून ओढावी तसा ट्रेलर सरळ झाला. सगळं मिळून सात-आठ सेकंद. पुढच्या एक्झिटला उतरून आम्ही अर्धा तास नुसते बसून होतो.

तेव्हा हे पाठच करून ठेवा, आणि गाडी चालवणाऱ्या दोघांनीही: डोलायला लागला की गॅसवरून पाय काढायचा, ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, झोक्याच्या उलट वळवत बसायचं नाही, आणि हातानं ट्रेलरचे ब्रेक लावायचे. वेग वाढवून ट्रेलर सरळ होतो असं सांगणारे लोक भेटतील. त्यांचं ऐकू नका.

त्याच संध्याकाळी एका ट्रक स्टॉपवर कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक जोखायच्या काट्यावर, वजन केलं. पंधरा-वीस डॉलरचं काम आहे आणि कुणीही करू शकतं, त्यासाठी मोठा ट्रक लागत नाही. पुढची चाकं पहिल्या पाटावर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या. हे एकदा ट्रेलर जोडून करायचं, मात्र हिचचे स्प्रिंग बार (बॉलवरचा भार पुढे-मागे वाटणारे दांडे) सोडून. मग ट्रेलर पार्किंगमध्ये सोडायचा आणि तीच माणसं, तेच सामान घेऊन नुसत्या ट्रकचं वजन करायचं. ट्रकच्या दोन वजनांतला फरक म्हणजे टंग वेट. माझा फरक आला ३६० पौंड. ट्रेलरच्या चाकांवर ४,०२०. म्हणजे एकूण ४,३८० पैकी जेमतेम ८ टक्के बॉलवर. जू हवेतच होतं म्हणा ना. सायकली ट्रकच्या हौद्यात घेतल्या, टाकी रिकामी केली, डबे पुढच्या कप्प्यात आले, लाकडं तिथेच एका कुटुंबाला देऊन टाकली. घरी आल्यावर पुन्हा जोखलं, तेव्हा टंग एकूण वजनाच्या सुमारे १३ टक्के आलं. तेव्हापासून ट्रेलर शहाण्यासारखा मागे येतो.

हिच घेताना नुसत्या बॉलवर भागवू नका. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच घ्या, स्वे कंट्रोल असलेलं. ट्रेलर टेकवला की ट्रकचं बूड बसतं आणि नाक वर होतं, म्हणजे वळवणाऱ्या आणि जास्त ब्रेक लावणाऱ्या पुढच्या चाकांवरचा भार उतरतो. हे हिच त्यातला काही भार परत पुढे आणि काही ट्रेलरच्या चाकांवर पाठवतं. बरोबर बसलंय का ते पाहायला टेप पुरते. पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची ट्रेलर लावण्याआधी मोजा, लावल्यावर मोजा, बार ताणल्यावर परत मोजा. किती उतरायला हवी ते ट्रकच्या मॅन्युअलमध्ये असतं. एक गैरसमज मात्र काढून टाका: या हिचनं पेलोड वाढत नाही. स्टिकरवरचा आकडा तोच राहतो. रिसीव्हरवरही (ट्रकच्या मागे हिच बसतं त्या चौकोनी नळीवर) एक लेबल असतं, बॉलवर किती पौंड चालतील ते सांगणारं. तेही वाचा.

ब्रेक कंट्रोलर ट्रकमध्ये नसेल तर प्रपोर्शनल प्रकारचा, म्हणजे ट्रक जितक्या जोरात थांबेल तितक्याच जोरात ट्रेलरचे ब्रेक लावणारा, बसवून घ्या. मोकळ्या जागेत २०-२५ च्या वेगात नुसते ट्रेलरचे ब्रेक लावून बघा. चाकं लॉक व्हायच्या जरा आधीपर्यंत गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) आणून ठेवा. सेफ्टी चेन ट्रेलरच्या जिभेखालून (पुढच्या दांड्याखालून) एकमेकींना छेद देऊन लावायच्या, म्हणजे हिच सुटलंच तर जीभ रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडते. ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) चेनला अडकवू नका, ट्रकला वेगळी अडकवा.

टायरबद्दल लोक बेफिकीर असतात. ट्रेलरचे टायर वेगळ्या जातीचे असतात, नावात 'एसटी' असतं, आणि त्यातले काही ६५ मैलांच्याच वेगासाठी बनलेले. टेक्ससमध्ये पाटीवर ७५ किंवा ८० दिसलं तरी ती तुमच्यासाठी नाही. मी ६२ वर चालतो. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्याला कायद्यानंच ५५. हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. आणि हे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, नक्षी छान दिसते म्हणून सहा वर्षांचा टायर ठेवू नका. चाकांचे नट पहिल्या पन्नास मैलांनंतर पान्यानं परत आवळायचे.

तुमच्या वाटेबद्दल. अमारिलोवरून वर येऊन रेटन पासनं कोलोरॅडोत शिराल, ती पहिली परीक्षा. पुढे मी तुमच्या जागी असतो तर आय-८० टाळून आय-२५ नं कॅस्परपर्यंत गेलो असतो आणि रिव्हर्टन, ड्यूबॉइसवरून टोग्वोटी पासनं मोरनला उतरलो असतो. वारा तिथेही असतो, पण सेमींची रांग कमी. टोग्वोटी ९,६०० फुटांच्या वर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे तिथे पाव हिश्शाहून जास्त गेलेली असेल. चढावर हळू जाल, जाऊ द्या, उजवी लेन आपलीच आहे. उतारावर टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर सांभाळणारं बटण) लावा आणि माथ्यावरच गिअर खाली आणा, उतार सुरू झाल्यावर नाही. ब्रेकवर पाय ठेवून घसरत यायचं नाही. दाबा, वेग दहानं खाली आणा, सोडा, ब्रेक निवू द्या. नकाशा जॅक्सनहून पश्चिमेला आयडाहोकडे टेटन पासनं जा म्हणाला तर ऐकू नका, तिथे १० टक्क्यांचा उतार आहे.

आणि कोणता ट्रेलर घ्यायचा? माझ्या स्टिकरच्या हिशेबानं भरलेला ४,५०० पौंडांपर्यंतचा. १३ टक्के म्हणजे ५८५, हिच ८०, तुम्ही ४५०, मिळून १,११५, वर सव्वाशे पौंड शिल्लक. १९ ते २१ फुटांत दोन मुलांसाठी बंक बेड असलेले मिळतात. शोरूममध्ये ड्राय वेट विचारूच नका. ट्रेलरच्या बाहेर डाव्या बाजूला पुढे स्टिकर असतं, त्यावर भरलेल्या ट्रेलरचं कमाल वजन लिहिलेलं असतं, ते बघा. तीन-साडेतीन हजार पौंडांचा नाजूक ट्रेलर घेऊन तो गच्च भरण्यापेक्षा हे बरं.

तुमच्या ट्रकच्या दारातल्या स्टिकरवरचा आकडा कमेंटमध्ये टाका, मग याच हिशेबात तुमचे खरे पौंड घालून बघू. तोपर्यंत ट्रेलरचं ॲडव्हान्स भरू नका.